हात धुतल्यानें दोष जातो काय?

वरिष्ठाच्या हुकुमावरून एखाद्यानें निरपराध्यांस मरणाकडे धाडलें, तर पातक कोणाचें? हुकूम देणाऱ्याचें, कीं पाळणाऱ्याचें? या प्रश्नाचा विचार करितांना आडोल्फ आइखमन या जर्मन अधिकाऱ्याचें चरित्र पाहण्याजोगें आहे.

त्याचा जन्म १९०६ सालीं प्रॉटेस्टंट कुटुंबांत झाला. हिटलरच्या राज्यांत यहूदी लोकांस आगगाड्यांनीं मरणाच्या छावण्यांकडे रवाना करण्याची व्यवस्था त्याच्या कचेरीकडे होती. १९४४ सालीं सुमारें ८ आठवड्यांत एकट्या हंगेरींतून ४,००,००० हून अधिक यहूदी नेले गेले. त्यांतील बहुतेकांस ऑश्विट्झ येथें पोहोंचतांच विषारी वायूनें मारण्यांत आलें. युद्ध संपल्यावर तो कैदेंतून निसटला, खोट्या नांवानें उत्तर जर्मनींत कोंबड्या पाळून राहिला, आणि १९५० सालीं अर्जेंटिना देशीं जाऊन दुसऱ्या खोट्या नांवानें संसार व नोकरी करूं लागला. १९६० सालीं इस्राएलच्या हस्तकांनीं त्यास पकडलें. १९६१ सालीं यरुशलेमांत खटला चालला व १९६२ सालीं त्यास फांशी झाली.

आपण केवळ हुकुमाचे ताबेदार होतों, हेंच त्याचें म्हणणें. १९४२ च्या जानेवारींत बर्लिनमधील वान्झे येथें मोठमोठ्या अधिकाऱ्यांनीं यहूद्यांच्या संहारास संमति दिली, तेव्हां आपणांस पिलातासारखें समाधान वाटलें, आपण निर्दोष ठरलों, असें त्यानें न्यायालयांत सांगितलें. परंतु पिलाताचे हात पाण्यानें खरोखर शुद्ध झाले काय? विश्वासांगीकार म्हणतांना मंडळी आजही त्याचेंच नांव घेते. हात धुतले गेले, नांव धुतलें गेलें नाहीं.

कोणी म्हणेल, अधिकाऱ्यांच्या अधीन असा, असें पौलच शिकवितो. खरें आहे, पण त्याच शास्त्रांत शिप्रा व पुवा या सुइणीही आहेत. इब्र्यांचीं मुलें मारा, असा फारोचा हुकूम असतां त्या अबलांनीं तो मोडिला, आणि देवानें त्यांचें कल्याण केलें. राजाची सत्ता देवाकडून आहे, म्हणूनच ती देवाहून मोठी नाहीं.

या सबबीनें आणखी एक अनर्थ होतो. फांशीपूर्वी विल्यम हल नांवाच्या एका प्रॉटेस्टंट मिशनऱ्यानें तुरुंगांत वारंवार जाऊन आइखमनास पश्चात्तापाचा बोध केला. त्यानें तो मानिला नाहीं. मानणार कसा? ज्याच्या मतें पातक हुकुमाचें, त्याला क्षमा मागावयास स्वतःचें असें कांहीं उरतच नाहीं. वधस्तंभावरील चोरानें आपली शिक्षा रास्त म्हटली, आणि त्याच दिवशीं त्यास सुखलोकाचें वचन मिळालें. दयेचें दार चोरास उघडलें. निर्दोष म्हणविणाऱ्यानें तें स्वहस्तें लावून घेतलें.

प्रिय वाचकहो, मालकानें सांगितलें म्हणून खोटी साक्ष देणें, पंचांनीं ठरविलें म्हणून एखाद्या कुटुंबास वाळींत टाकणें, हीं कृत्यें त्या संहारापुढें लहान खरीं. परंतु सबब तीच. न्यायाच्या दिवशीं हुकूम देणारा आपल्याऐवजीं उभा राहणार नाहीं. म्हणून हात पुढें करण्यापूर्वीच विचार करावा. मागाहून धुण्याचा भरंवसा धरूं नये.