साडेचार मिलिमीटर

दिवाळीची साफसफाई म्हणजे घरातल्या भूतकाळाची वार्षिक झडतीच! गेल्या वर्षी मुलुंडच्या आमच्या घरी माळा आवरताना एक जुने खोके खाली आले, आणि माझ्या नि पुतण्याच्या मैत्रीत त्याने बिब्बा घातला.

खोके माझ्या थोरल्या भावाचे. आत १९३२ सालच्या फोर्ड रोडस्टरचे, म्हणजे दोघांनी बसायच्या उघड्या मोटारीचे, प्लॅस्टिकचे किट होते. खालची चौकट आणि इंजिन जोडून दादाने चौकट लाल रंगवली होती. पुढे तो आजारी पडला. काम थांबले ते थांबलेच. पुतण्याजवळ त्याच मोटारीचे दुसऱ्या कंपनीचे किट होते. त्याचा वरचा साचा शाबूत होता, पण चौकट मोडलेली.

"काका, बाबांची चौकट घेऊ?"

"मुळीच नाही. ती दादाची आठवण आहे."

"पण त्यांना ती गाडी पुरी करायची होती ना?"

मी गप्प बसलो. शिक्षकाला गप्प बसवणारा प्रश्न बहुधा खरा असतो.

या जातीच्या मोटारींना हॉट रॉड म्हणतात. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी भंगारातल्या जुन्या फोर्ड घेतल्या, मडगार्डे काढून वजन उतरवले, दुसऱ्या गाडीचे दांडगे इंजिन बसवले आणि कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर त्या भरधाव सोडल्या. तेव्हा अशा गाडीचे कुळ विचारणेच चूक. मिलिंद राजापुढे भिक्षू नागसेनाने हाच पेच टाकला होता : रथ म्हणजे चाक की आस की जू? यांतले एकही नव्हे. सारे जुळून आले म्हणजे त्याला आपण रथ म्हणतो. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेल्या पद्मिनी टॅक्सीने पेट्रोल सोडून गॅस पत्करला, तरी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिने मुंबईचा निरोप घेतला तेव्हा आम्हाला ती तीच वाटत होती.

पण तत्त्वज्ञानाने मन वळत नाही. कादंबऱ्या लिहिताना मी एकाची चाल, दुसऱ्याचा आवाज आणि तिसऱ्याचे दुःख उचलून माणूस उभा करतो, आणि कुणाला विचारतही नाही! हा मुलगा तर विचारत होता. मग मी अडवत होतो ते दादासाठी, की त्या बंद खोक्याशेजारी बसून हळहळण्याचे माझे सुख जाईल म्हणून?

चकलीचा सोऱ्या हातात घेऊन वहिनी दारात उभ्या होत्या. त्या एवढेच म्हणाल्या, "भावोजी, ह्यांनी एखादी वस्तू अर्धी टाकलेली कधी पाहिलीत तुम्ही?"

आम्ही कामाला लागलो. खरी परीक्षा तेव्हाच सुरू झाली. दादाचे किट १:२५ मापाचे, पुतण्याचे १:२४ चे. मूळ मोटारीच्या पुढच्या-मागच्या चाकांत १०६ इंचांचे अंतर; तेच या दोन मापांत धरले तर साडेचार मिलिमीटरचा फरक पडतो. म्हणजे दादाने जोडलेली चौकट मधोमध कापून तुकडा घालणे आले. शिवाय या कामाचे सिमेंट खळीसारखे नुसते चिकटत नाही. ते दोन्हीकडचे प्लॅस्टिक किंचित विरघळवते, आणि ते एकमेकांत मिसळून वाळले म्हणजे सांधा होतो. मध्ये रंग असेल तर तो धरत नाही. दादाचा लाल रंग तेवढ्यापुरता खरवडावाच लागणार होता.

पुतण्याने सुरी माझ्या हाती दिली. "तुम्हीच कापा, काका."

मी कापले. हात कापला नाही, पण आत कुठेतरी लागले. लागायलाच हवे होते. गेलेल्या माणसाची वस्तू वापरणे म्हणजे त्याचा अपमान नव्हे, हे मला त्या क्षणी पटले. पण ती वापरताना काहीच वाटले नाही, तर मात्र तो खुशाल अपमान समजावा. जपणे म्हणजे न शिवणे नव्हे. अर्धे राहिलेले काम हाती घ्यावे, आणि आपण कुठे कापले हे विसरू नये.

नरकचतुर्दशीला ती मोटार सोसायटीच्या अंगणातल्या मातीच्या किल्ल्याखाली, मावळ्यांच्या पहाऱ्यात उभी होती. शेजारच्या चिमुरडीने विचारले, "ही कुणाची रे?"

"बाबांची नि माझी," पुतण्या म्हणाला. मग माझ्याकडे बघून हसला. "आणि साडेचार मिलिमीटर काकांची."