चव राहिली, बोली गेली

वारसा म्हणजे नेमके काय? आपली मुले मोदकांवर तुटून पडतात, थालीपीठ मागून घेतात. पण आजीशी फोनवर बोलताना दोन वाक्यांतच अडखळतात. मग "निदान खाण्यापुरते तरी मराठीपण टिकले" असे म्हणून आपण एकमेकांची समजूत घालतो. ही समजूत कितपत खरी, असा प्रश्न मला पडला तो एका परक्या पदार्थामुळे.

आमच्या गावच्या फार्मर्स मार्केटमध्ये मूळचे लुईझियानाचे एक गृहस्थ केजन पदार्थ विकतात. त्यांच्याकडे मी कोळंबी-भेंडीचा गंबो खाल्ला. तेलात मैदा मंद आचेवर चॉकलेटी होईपर्यंत परतायचा, त्यात कांदा, सेलरी आणि ढोबळी मिरची घालून दाट रस्सा करायचा आणि भातावर वाढायचा. कालवण-भातावर वाढलेल्या माणसाला हे परके वाटत नाही. ही कृती त्यांच्या आजीची. आजी घरात फ्रेंच बोलायची. यांना पदार्थांच्या नावांपलीकडे फ्रेंच येत नाही.

केजनांचे पूर्वज म्हणजे कॅनडातल्या अकेडियाचे फ्रेंच शेतकरी. १७५५ पासून इंग्रजांनी त्यांना तिथून हाकलले. त्यांतले बरेच पुढे लुईझियानात वसले. तिथे त्यांच्या फ्रेंच रांधण्यात आफ्रिकेतून आलेली भेंडी मिसळली, चॉक्टॉ आदिवासींची सासाफ्रासच्या पानांची पूड मिसळली. चव अशी बदलत बदलत टिकली. भाषेचे तसे झाले नाही. १९२१ च्या राज्यघटनेने शाळांत इंग्रजी सक्तीची केली आणि फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होऊ लागल्या. ज्यांनी त्या भोगल्या, त्यांतल्या अनेकांनी आईबाप झाल्यावर मुलांशी फ्रेंच बोलणेच सोडले. फ्रेंच जपण्यासाठी राज्याने १९६८ मध्ये परिषद स्थापली, तोवर फार उशीर झाला होता.

त्या आईबापांना दोष देणे मला जमत नाही. लेकरांच्या वाट्याला तोच अपमान येऊ नये, एवढेच त्यांना हवे होते. पण आपले काय? मराठी बोलल्याबद्दल आपल्या मुलांना इथे कोणी शिक्षा करत नाही. आपल्या घरांतून ती जाते ती घाईमुळे आणि सोयीमुळे. त्यामुळे तिच्या जाण्याची जबाबदारीही आपल्यावरच येते.

कोणी म्हणेल, मुलांवर आपल्या आठवणींचे ओझे कशाला? मुद्दा रास्त आहे. मोठेपणी त्यांनी मराठी नाकारली तर तो त्यांचा हक्क. पण नाकारण्यासाठीसुद्धा ती आधी त्यांच्या हाती पडायला हवी. पदार्थ चाळिशीतही पुस्तकात पाहून करता येतो. घरची बोली मात्र लहानपणी, रोज कोणीतरी बोलल्याशिवाय अंगी मुरत नाही.

तेव्हा मोदक जरूर करू या. पण वळताना मुलांना शेजारी बसवू या आणि उकड, सारण, पारी, कळ्या हे शब्द मोदकांइतक्याच मायेने त्यांच्या पदरात घालू या.