तिला न सांगितलेला उन्हाळा

मैत्रीण मिरजेला असते. लालबागच्या चाळीत आमची दारं समोरासमोर होती, त्यामुळे एकमेकींपासून लपवण्यासारखं आमच्यात काही नाही, असं आम्ही दोघी चारचौघांत सांगतो. होळीनंतर आमचं नीट बोलणंच झालं नव्हतं. परवा रविवारी मेगाब्लॉक होता, कुठे जायचं नव्हतं, म्हणून फोन लावला आणि सगळा उन्हाळा एका दमात सांगून टाकला. लग्नं, मुंज, वास्तुशांत, लोकलच्या डब्यातल्या मैत्रिणीचं डोहाळजेवण, सुट्टीला आलेली दिरांची मुलं, चैत्रातलं हळदीकुंकू. ती म्हणाली, "बाई गं, तू जेवलीस कधी आणि झोपलीस कधी?" ते ऐकून मला फार बरं वाटलं. फोन ठेवल्यावर मात्र ते बरं वाटणंच खुपायला लागलं.

मी दमले होते यात खोटं काही नाही. बदलापूर समुद्रापासून आत आहे, इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि आमच्या खरवईत दुपारी रिक्षावालेही झाडाखाली पाय पसरून असतात. अशा उन्हात जरीची साडी नेसून तीन ठिकाणी हजेरी लावणारी बाई दमणारच. पण ते दमणं मी मैत्रिणीपुढे ज्या तऱ्हेने मांडलं, त्यात एक मागणी होती: मला चांगली म्हण. समर्थांनी २०५ श्लोकांत मनाला सज्जन म्हणून गोंजारत समजावलं. माझं मन तेवढं सज्जन नाही, त्याची उलटतपासणी घ्यावी लागते. तर घेते.

आधी लग्नं. साड्यांची खरेदी उल्हासनगरला केली, हे मी तिला रंगवून सांगितलं. गजानन मार्केटमधली गर्दी, सरबत, भाव पाडणं. दुकानात बसलं की आपण पहिल्यांदा सांगतो, "देण्याच्या दाखवा." मग जो गठ्ठा समोर येतो त्यातली एकही साडी आपण स्वतः नेसणार नसतो, आणि जिला देतो तीही नेसत नाही. ती पुढच्या लग्नात पुढे सरकते. यंदा मी दिलेली एक साडी मला वास्तुशांतीत परत मिळाली, घडीही मीच घातलेली होती. हा किस्सा ऐकून मैत्रीण खूप हसली. मी तिला हे नाही सांगितलं की ती साडी मी पुन्हा त्याच कपाटात, त्याच थप्पीत ठेवली, आषाढाआधी एक लग्न उरलंय म्हणून. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन पडलेल्या सिंधी कुटुंबांनी ही पेठ शून्यातून उभी केली. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते उल्हासनगरची कोनशिला बसली. ज्यांच्या अंगावरच्या कपड्यांखेरीज काही उरलं नव्हतं त्यांच्या नातवंडांच्या दुकानात बसून मी कोणीच नेसणार नाही असं कापड निवडत होते. दुकानदाराचा धंदा होतो, त्याला माझ्या मनाच्या टोचणीशी देणंघेणं नाही. प्रश्न माझा आहे. त्या साडीमागे कोणाविषयी काही वाटणं होतं का? दोन ठिकाणी होतं. बाकी ठिकाणी वही होती. आमच्याकडे आहेराची वही आहे, सासूबाईंच्या अक्षरातली, आणि कोणाला किती द्यायचं हे मी माणूस आठवून ठरवत नाही, पान उलटून ठरवते.

तरी वहीला मी सरसकट दोष देणार नाही. चाळीत वडील गेले तेव्हा अशाच वह्यांनी आमच्या बहिणीचं लग्न लागलं होतं. ज्यांनी पाकिटं दिली त्यांना आमच्याविषयी फार काही वाटत होतं असंही नाही. रीत होती, आणि रीतीने आम्हाला तारलं. त्यामुळे मनात ओलावा नसेल तर जाऊच नये, हा शहाणपणा मला पटत नाही. मला टोचतं ते वेगळंच आहे. रीत म्हणून गेले ते मी माया म्हणून सांगितलं.

आता हळदी. खरवई हे मूळचं आगरी वस्तीचं गाव, आता कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेत. २००१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या लाखाच्या आत होती, २०११ ला ती पावणेदोन लाखांच्या घरात गेली, आणि त्या वाढलेल्यांत आम्हीही आहोत. आगरी लग्नात हळदीची रात्र लग्नाहून मोठी. मांडव, बँजो, मटणाची जेवणं, पहाटेपर्यंत नाच. हळदीवरचा खर्च आवरा, असे ठराव समाजाच्या बैठकांतून होत असतात, आणि त्याच सुमारास पुढच्या हळदीचा मांडवही पडत असतो. गावातले लोक आमच्या अख्ख्या इमारतीला बोलावतात, दारोदार पत्रिका देऊन. आम्ही जातो, पोटभर जेवतो. यंदा एका हळदीत एका म्हाताऱ्या बाईंनी कोपऱ्यात बसून धवले, म्हणजे लग्नातली पारंपरिक गाणी, म्हटले. बँजो सुरू व्हायच्या आधी तेवढीच पंधरा-वीस मिनिटं त्यांच्या वाट्याला होती. मी फोनवर ते रेकॉर्ड केलं. मैत्रिणीला पाठवलं, खाली लिहिलं, 'आमच्या गावची हळद.'

त्याच रात्री एक वाजता, त्याच फोनवर, इमारतीच्या ग्रुपमध्ये मी लिहिलं होतं: 'या गाववाल्यांना कोणी सांगेल का, सकाळी सहाची लोकल पकडायची असते.' दोन्ही मजकूर एकाच बाईचे. कौतुक करताना गाव आमचं, झोपमोड झाली की गाववाले. आवाजाबद्दल तक्रार करणं चूक नाही. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक नको हा नियम आहे, आणि दीड तासाचा लोकलचा प्रवास करणाऱ्याला झोप लागतेच. पण तक्रारीत जो सूर होता तो नियमाचा नव्हता. ज्यांच्या भातखाचरांवर आमची इमारत उभी आहे, ज्यांनी आम्हाला जेवायला बोलावलं, त्यांच्याकडे वरून पाहण्याचा तो सूर होता. चौथ्या मजल्यावरून पाहण्याचा. आम्ही पाहुणे आहोत की ते, हे मी इतक्या वर्षांत एकदाही मनाशी नीट ठरवलेलं नाही, कारण न ठरवणं सोयीचं आहे.

दिरांची मुलं आली त्याबद्दल फार लिहायला नको. त्यांना अंबरनाथचं शिवमंदिर दाखवलं. शके ९८२ चं, म्हणजे १०६० सालचं, शिलाहारांच्या काळातलं. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून खाली गेलो, तिथल्या गारव्यात पोरं दहा मिनिटं गप्प बसली. एवढं सोडलं तर ती कुठेच गप्प बसली नाहीत. 'घर नुसतं भरून गेलं होतं,' असं मी मैत्रिणीला सांगितलं. रोज रात्री मी बादल्या मोजत होते, हे सांगितलं नाही. उल्हासच्या बॅरेज बंधाऱ्यावरून येणारं पाणी मे महिन्यात आमच्या नळाला करंगळीएवढ्या धारेने येतं, आणि मुलं त्यात दोनदा अंघोळ करायची. ती गेली त्या संध्याकाळी मी दार लावून अर्धा तास नुसती बसून राहिले, आणि मला सुख वाटलं. याबद्दल मनाने मला फारसं धारेवर धरलेलं नाही. लालबागला आमच्या आत्याने दहा बाय बाराच्या खोलीत आम्हा सगळ्यांना सुट्टीभर ठेवून घेतलं होतं. तीही नक्कीच बादल्या मोजत असणार. तिने ते आम्हाला कधी कळू दिलं नाही, एवढंच. मुलांना कळलं का, ते मला माहीत नाही.

एका गोष्टीवर मात्र मन अडून बसलं. बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, हे मी मैत्रिणीला जणू मीच लावलेल्या झाडाचं असल्यासारखं सांगितलं. स्टेशनबाहेर आदिवासी बायका पानांवर करवंदं-जांभळांचे वाटे मांडून बसतात, त्यांच्यापैकी एकीशी मी दहा रुपयांवरून घासाघीस केली. पुतण्यांना व्यवहार कळावा म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. त्याच आठवड्यात एका पाकिटात शेकड्याऐवजी हजार घातले होते, कारण पाकिटावर नाव असतं.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते.

चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत गौर झोपाळ्यात बसते. या महिन्यात आमच्याकडे एक दिवस हळदीकुंकू असतं. दारात चैत्रांगण, गौरीपुढे कलिंगड-काकडी कापून केलेली आरास, कैरीची डाळ, पन्हं, ओटीला भिजवलेले हरभरे. पूर्वी सासूबाई करायच्या, आता गुडघ्यांमुळे त्या खुर्चीत बसून देखरेख करतात. इमारतीतल्या, गावातल्या, डब्यातल्या बायका येतात. यंदा इतक्या आल्या की डाळीचं पातेलं रिकामं झालं. मैत्रिणीला मी हे सांगितलं: "अगं, डाळ उरलीच नाही!"

डाळ वरच्या मजल्यावरच्या काकूंनी केली होती. दर वर्षी त्याच करतात. हरभऱ्याची डाळ किती भिजवायची, किती भरड वाटायची, कैरी किसायची कधी आणि फोडणी गार कधी करायची, हे त्यांच्याइतकं आमच्या इमारतीत कोणाला कळत नाही. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत काका गेले. त्याआधी काकू डाळ करायच्या आणि मग नथ घालून पहिल्या पाटावर बसायच्या. त्यानंतर त्या डाळ करतात आणि बायका यायच्या सुमारास मागच्या जिन्याने वर जातात. मी वाटी झाकून वर पाठवते.

पहिल्या वर्षी मी म्हणाले होते, "काकू, थांबा ना." त्या म्हणाल्या, "नको गं, तुम्ही करा." तेवढंच. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पुढच्या वर्षी 'त्यांना आवडत नाही' असं झालं, त्याच्या पुढच्या वर्षी ती पद्धतच झाली. एरवी जेवणाच्या पानावर कोणी 'नको' म्हटलं तर मी तीनदा वाढते. आग्रहाचा माझा लौकिक आहे. इथे एका 'नको'वर माझा आग्रह कसा संपला?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला: नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र-जोडवी काढायची नाहीत, तिला कार्यातून वगळायचं नाही. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा म्हणून परिपत्रक काढलं. ती बातमी मी ग्रुपवर टाकली होती, खाली हात जोडल्याची चित्रं लावून. काकूंचाही त्यावर अंगठा आला होता. तेव्हा काकांना जेमतेम वर्ष झालं होतं, आणि त्या चैत्रातलं आमचं हळदीकुंकू महिनाभरापूर्वीच पार पडलं होतं, काकूंवाचून. बातमीचं कौतुक करताना मला हा जवळचा महिना आठवला नाही. किंवा आठवला, आणि मी बोट पुढे सरकवलं. प्रामाणिकपणे सांगायचं तर दुसरंच खरं असावं.

मी स्वतःला देत आलेली कारणं आज एकेक तपासली. सासूबाईंना चालणार नाही: मी त्यांना विचारलेलंच नाही. गावातल्या बायका काय म्हणतील: त्यांनाही विचारलेलं नाही, आणि मघाच म्हटलं तसं, त्यांच्या नावावर जुनाटपणा खपवणं मला सोपं जातं. काकूंनाच अवघडल्यासारखं होईल: हे खरं असू शकतं, पण मग तो अवघडलेपणा कमी करायला मी काय केलं? उरलं ते शेवटचं कारण, जे मी कधी शब्दांत मांडलं नव्हतं. त्या खाली थांबल्या तर एखादी बाई नाक मुरडेल, माझ्या कार्यक्रमाला गालबोट लागेल, आणि मैत्रिणीला सांगताना गोष्ट इतकी गोड राहणार नाही. म्हणजे काकूंना वर पाठवण्यात त्या फोनचाही वाटा होता. मी उन्हाळा जगतानाच तो सांगण्यासाठी नीटनेटका करत होते.

हे कळल्यावर फोन उचलून मैत्रिणीला सगळं सांगावं असं वाटलं. मग लक्षात आलं, ते केलं तर ती म्हणेल, "किती प्रामाणिक आहेस गं तू." आणि मला पुन्हा बरं वाटेल. नाही केला.

त्याऐवजी वर गेले. काकू वाळवणाचे डबे भरत होत्या. मी सरळच विचारलं, "काकू, पुढच्या चैत्रात हळदीकुंकवाला खाली थांबाल? कुंकू मी लावीन तुम्हाला." त्यांनी डब्याचं झाकण घट्ट केलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "कुंकवाचं माझं मी बघेन, तू त्यात पडू नकोस. पण आरास मला करू दे. कलिंगडाची कमळं तू इतकी वाईट कापतेस की दर वर्षी जिना चढताना माझ्या जिवावर येतं."

"म्हणजे थांबाल?"

"सासूला विचारलंस?"

नव्हतं विचारलं. अजूनही नाही. त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख पक्की झाली की विचारीन, असं मनाशी म्हणते आहे, आणि हे 'झाली की' मी कशासाठी जोडलंय तेही मला कळतं.