अडीचशे ग्रॅमच्या आतले आकाश

1934 च्या भारतीय विमान कायद्यात विमानाची जी व्याख्या होती, तिच्यात फुगे, ग्लायडर यांच्या रांगेत पतंगही बसवलेला होता. हा कायदा 2024 च्या अखेरपर्यंत लागू होता. म्हणजे नव्वद वर्षे भोगी, संक्रांत आणि कर या तीन दिवसांत गच्चीवर उभे राहून मांजाची आसारी फिरवणारे नाशिक जिल्ह्यातले सगळे येवलेकर कागदोपत्री विमानेच उडवत होते. त्यांच्याकडे कुणी परवाना मागितला नाही, मागायचे कारणही नव्हते. पतंगाचे वजन ते काय! पुढे नायलॉनचा मांजा आला, त्या बिनवजनाच्या धाग्याने रस्त्यावरच्या दुचाकीस्वारांचे गळे चिरले, आणि उडणाऱ्या वस्तूचा धोका तराजूत मावतोच असे नाही हे नाशिककरांना फार वाईट रीतीने कळले.

खिशात मावणाऱ्या छोट्या ड्रोनचा सगळा व्यवहार मात्र तराजूवरच चालतो. 25 ऑगस्ट 2021 ला आपल्याकडे नवे ड्रोन नियम आले. अडीचशे ग्रॅमपर्यंतचा तो नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंतचा मायक्रो, असे वर्ग पडले. या अडीचशेच्या आकड्याला वंशावळ आहे. 2015 मध्ये अमेरिकेत ड्रोनची नोंदणी कुठल्या वजनापासून सक्तीची करावी हे ठरवायला एक समिती बसली होती. वरून कोसळलेली वस्तू डोक्यावर आदळली तर किती ऊर्जेला जीव जाण्याची शक्यता बळावते, याचा हिशेब तिने मांडला. सेकंदाला 25 मीटर वेगाने पडणाऱ्या अडीचशे ग्रॅममध्ये सुमारे 80 जूल ऊर्जा असते; रेषा तिथे आखली गेली. मग इतर अनेक देशांच्या नियमांत हाच आकडा दिसू लागला. माणसाच्या कवटीची ताकद हे एका बाजारपेठेचे मोजमाप होऊन बसले.

कारखानदार असल्या रेषा पुढाऱ्यांपेक्षा बारकाईने वाचतात. ऑक्टोबर 2019 मध्ये चीनच्या डीजेआय कंपनीने मॅव्हिक मिनी बाजारात आणला, त्याचे वजन 249 ग्रॅम. जपानात तेव्हा मर्यादा 200 ग्रॅमची होती, म्हणून तिथल्यासाठी 199 ग्रॅमचा वेगळा अवतार काढला. यंत्र तेच, फक्त बॅटरी हलकी. इतरत्र जो अर्धा तास उडे तो जपानात 18 मिनिटांत खाली येई. म्हणजे कायद्याच्या पन्नास ग्रॅमची किंमत आकाशातली बारा मिनिटे! पुढे 2022 मध्ये जपानने मर्यादा 100 ग्रॅमवर आणली आणि ही सगळी कसरत पाण्यात गेली. या धंद्याचे भाकीत करणाऱ्यांनी आलेख काढण्याआधी हा प्रसंग आठवावा. इथे मागणी ग्राहकाच्या मनात जितकी जन्मते, तितकीच राजपत्राच्या पानावर.

बाकी तंत्राचा प्रश्न केव्हाच सुटला आहे. मोबाइलसाठी कोट्यवधींनी बनलेले जायरोस्कोप, कॅमेरे आणि उपग्रहाकडून जागा विचारणाऱ्या चिपा स्वस्त झाल्या, त्यावर हे यंत्र आयते उभे राहिले. तरीही या क्षेत्रात थडगी बरीच. लिली नावाच्या उडत्या कॅमेऱ्यासाठी लोकांनी 3 कोटी 40 लाख डॉलर आगाऊ मोजले. 2017 मध्ये एकही नग न पोचवता कंपनी मिटली. गोप्रोचा कर्मा हवेत बंद पडू लागल्याने परत मागवावा लागला आणि 2018 मध्ये कंपनीने ड्रोनला रामराम ठोकला. स्नॅपचा पिक्सी तर अवघा शंभर ग्रॅमचा, तळहातावरून उडून आपला फोटो काढणारा. तो 2022 च्या एप्रिलमध्ये आला आणि ऑगस्टमध्ये गुंडाळलाही. माझ्या मते यांतून निघणारा धडा असा, की हौसेला उड्डाण दोन-चार रविवार पुरते. घराचे छप्पर, मग नदी, मग आपणच हात हलवताना, एवढे वरून पाहून झाले की ते यंत्र हार्मोनियमसारखे कपाटावर जाते. ज्याला त्यातून रोज काही मिळवायचे आहे, तोच ते रोज चार्ज करतो.

असा माणूस नाशिकमध्ये आहे, आणि तो लग्नाचे शूटिंग घेतो. गंगापूर धरणाच्या काठावर किंवा द्राक्षबागांच्या वाटेवर हिवाळ्यात सकाळी जाऊन पाहावे. झगा सावरणारी नवरी, अवघडलेला नवरदेव, रिफ्लेक्टर धरलेला पोरगा आणि थोडे बाजूला मान खाली घालून रिमोटच्या पडद्यात बघणारा ड्रोनवाला. पॅकेज ठरवताना वधूपिता आता अल्बमच्या पानांआधी ‘ड्रोन आहे ना?’ असे विचारतो. 2021 च्या नियमांत एक बारीक पण मोलाची गोष्ट आहे. दोन किलोपर्यंतचा मायक्रो ड्रोन परवान्याविना उडवायचा तर तो फक्त बिनव्यावसायिक कामासाठी. नॅनोला मात्र धंद्यासाठीही वैमानिकाचा परवाना लागत नाही. युरोप-अमेरिकेत 249 ग्रॅमचा ड्रोन पर्यटकाच्या बॅगेत असतो. आपल्याकडे तो पोटापाण्याचे हत्यार झाला, तो या कलमामुळे.

आता गंमत अशी, की ते हत्यार सरळ मार्गाने विकत घ्यायची सोय उरलेली नाही. 9 फेब्रुवारी 2022 ला परदेशी बनावटीच्या ड्रोनची आयात बंद झाली. संशोधन आणि संरक्षण यांना सूट, सुट्या भागांना मोकळीक. हेतू देशी उद्योग उभा राहावा हा, आणि तो चुकीचा म्हणवत नाही. उत्पादकांना तीन वर्षांत 120 कोटींच्या प्रोत्साहनाची योजना आधीच आली होती, सप्टेंबर 2025 मध्ये ड्रोनवरचा जीएसटीही सरसकट 5 टक्क्यांवर आला. पण देशी कंपन्यांनी पाहिले ते मोठ्या गिऱ्हाइकाकडे. मुंबई आयआयटीच्या मुलांनी 2007 मध्ये काढलेली आयडियाफोर्ज घ्या. ‘थ्री इडियट्स’मधला ड्रोन बनवणारी हीच मंडळी, पुढे नवी मुंबईतून सैन्याला आणि पोलिसांना टेहळणीची यंत्रे पुरवू लागली. 2023 च्या जुलैमध्ये 672 रुपयांचा तिचा शेअर पहिल्या दिवशी जवळजवळ दुपटीने उघडला, आणि नंतर त्या 672 च्याही खाली घसरला. सरकारी निविदेवर जगणाऱ्या धंद्याचा हा स्वभावच. शेतीकडे पाहिले तर तिथे दहा लिटरची टाकी उचलणारी धिप्पाड यंत्रे आहेत. मधला, लग्नवाल्याच्या खिशातला 249 ग्रॅमचा कप्पा देशी कंपन्यांनी जवळजवळ मोकळाच सोडला आहे. तो भरतात परदेशाहून येणाऱ्यांच्या बॅगा, जुन्याची खरेदी-विक्री आणि बिल न मागण्याची पद्धत.

त्यात नाशिकचे आकाश आधीच भाड्याने गेलेले. ईशान्येला ओझर: हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा 1964 पासूनचा कारखाना, जिथे मिग घडले, सुखोई जोडले गेले आणि ऑक्टोबर 2025 मध्ये तेजसची नवी उत्पादन साखळी सुरू झाली. शहर आणि नाशिकरोड यांच्या मध्ये गांधीनगरला लष्करी हेलिकॉप्टर वैमानिकांची शाळा. दक्षिणेला देवळालीचे तोफखाना केंद्र. नाशिकरोडला नोटांचा छापखाना. नव्या नियमांनी विमानतळाभोवतीचा परवानगीचा पट्टा 45 किलोमीटरवरून 12 वर आणला, ही उदारताच. पण इथल्या नकाशावर अशी एकेक वर्तुळे काढत गेले तर बिनधास्त हिरवा तुकडा शोधत वेशीबाहेर जावे लागते. 2022 च्या पावसाळ्यात गांधीनगरच्या त्या शाळेवर एक अनोळखी ड्रोन दिसला, पुढे संरक्षण संशोधन संस्थेच्या आवारावरही. यावर शहर पोलिसांनी ड्रोनमालकांना आपापली यंत्रे पोलीस ठाण्यात जमा करायला सांगितली. काम असेल तेव्हा परवानगी काढून न्यायची. निवडणुकीत बंदुका जमा करतात तसे. लग्नसराईत मुहूर्त गोरज आणि ड्रोन ठाण्यात, हे गणित कसे जुळावे? सुरक्षेची काळजी खोटी नव्हती. पण अशा हुकमावरून आपला ड्रोन घेऊन जाणारा माणूस हा नोंदणी करणारा, नाव लपवायचे कारण नसलेला असतो. बाजाराला बंदीपेक्षा ही अनिश्चितता जास्त मारते: आज चालते, उद्याचे सांगता येत नाही.

इथे मला सिनेमावाले फाळके आठवतात. त्र्यंबकेश्वरात जन्मलेला हा माणूस 1912 मध्ये लंडनला गेला आणि विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आला. भांडवलदाराला पटवायला त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याचे रोपटे रोज थोडे थोडे टिपून त्याची वाढ मिनिटभरात दाखवली. कॅमेरा विलायती, फिल्मही विलायती. उद्योग मात्र इथे रुजला, कारण लोकांनी पैसे यंत्राला दिले नाहीत, पडद्यावरच्या हरिश्चंद्राला दिले. 1913 मध्ये फाळके नाशिकला आले आणि काही वर्षे हे गाव चित्रपटाचे गाव झाले. तेव्हा आयातबंदी असती तर देशी कॅमेरा बनला असता की नाही कोण जाणे. ‘राजा हरिश्चंद्र’ त्या वर्षी बनला नसता हे नक्की. छोट्या ड्रोनची बाजारपेठ किती नगांची, हा प्रश्न म्हणूनच मला तोकडा वाटतो. घरोघरी ड्रोन येणार नाही. घरोघरी ड्रोनने काढलेले चित्र येईल, आलेलेच आहे.

खरी अडचण पुढे आहे, आणि तिला वजन नाही. 1946 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात कॉझबी नावाच्या कोंबडीवाल्याचा खटला चालला. लष्करी विमाने छपरावरून इतकी खाली जात की कोंबड्या घाबरून भिंतींवर आपटून मरत. जमिनीचा मालक हा थेट आभाळापर्यंतचा मालक, हे जुने तत्त्व न्यायालयाने मोडीत काढले. पण घराच्या लगतच्या हवेवर घरवाल्याचा हक्क मान्य केला. नॅनो ड्रोन नेमका त्याच लगतच्या हवेत फिरतो. पंचवटीच्या गच्चीवर कुरडया वाळत घालणाऱ्या बाईला तो 249 ग्रॅमचा आहे की पाच किलोचा, याने काय फरक पडतो? ती पदर सावरते तो कॅमेऱ्यासाठी. 2024 च्या पावसाळ्यात बीड, जालना, संभाजीनगरच्या गावांत रात्री ड्रोन फिरतात, चोर टेहळणी करतात अशी आवई उठली आणि माणसे काठ्या घेऊन रात्ररात्र जागली. वर काय आहे आणि ते कुणाचे आहे हे खालच्याला कळायची सोय नसली, की दिव्याचा ठिपकाही पुरतो. नोंदणीचा क्रमांक यंत्रावर असतो, पण साठ मीटरवरून तो वाचणार कोण? उडणाऱ्याने आपली ओळख सतत प्रक्षेपित करावी आणि ती खालच्या कुणालाही मोबाइलवर वाचता यावी, एवढी सोय झाली तर बंदीची निम्मी कारणे संपतील. कंपन्यांनी अनुदानाऐवजी याचा आग्रह धरायला हवा होता.

2026-27 चा सिंहस्थ तोंडावर आहे. बारा वर्षांत एकदा नाशिक जगाला दाखवण्याजोगे होते, आणि माझा अंदाज असा की त्या पर्वण्यांना खासगी ड्रोन एकही उडू दिला जाणार नाही. 2003 ची चेंगराचेंगरी ज्यांना आठवते ते याला हरकत घेणार नाहीत. गर्दीवर नजर ठेवायला पोलिसांचीच यंत्रे वर असतील. छोट्या ड्रोनवाल्याने आपला हिशेब तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तांवर मांडावा हे बरे. दुकानदाराला सल्ला द्यायचा हक्क मला असेल तर मी सांगेन, की ड्रोन विकू नका. पंखे, बॅटऱ्या, कॅमेरा सांभाळणाऱ्या गिंबलच्या पट्ट्या ठेवा आणि दुरुस्ती शिकलेला एक पोरगा बसवा. सुट्या भागांची आयात खुली आहे, आषाढातल्या ब्रह्मगिरीच्या वाऱ्याला 249 ग्रॅमचे यंत्र टिकत नाही, आणि नवे घेणे अवघड असल्यामुळे प्रत्येक जण जुनेच दुरुस्त करत राहणार.