दोन शिळा

जर्मनींतील आउग्सबुर्ग शहरीं, संत अॅना नांवाच्या मंदिरांत, याकोब फुगर हा सावकार पुरलेला आहे. तो इ.स. १५२५ त वारला. संपत्तींत व औदार्यांत हा कोणाहून उणा नव्हता, म्हणून मरणानंतरहि यास मर्त्यांत गणूं नये, अशा आशयाचा त्याचा स्मरणलेख आहे. त्याच शहरांत एका वेशीवर दुसरी शिळा आहे. तीवर त्याचें व त्याच्या दोन भावांचें नांव असून, हीं घरें कष्टाळू परंतु गरीब नगरबंधूंसाठीं दिलीं, असें म्हटलें आहे. या दोहोंपैकीं कोणत्या शिळेवर आपण विश्वास ठेवावा?

वेशीच्या आंत फुगेराय नांवाची वस्ती आहे. तिचें दानपत्र इ.स. १५२१ त झालें. आज तेथें ६७ घरें असून सुमारें १५० गरजू लोक राहतात. वर्षाचें भाडें एक गुल्डन ठरलें, तें अद्याप वाढलें नाहीं. हल्लींच्या नाण्यांत तें एक युरोहि भरत नाहीं. प्रत्येक बिऱ्हाडास स्वतःचें वेगळें दार आहे. इ.स. १९४४ त बाँबवर्षावानें वस्तीचा मोठा भाग पडला, तरी ती पुन्हां उभी राहिली.

परंतु हा पैसा आला कोठून? खाणींतून, व राजेरजवाड्यांस दिलेल्या कर्जांतून. माइन्त्सच्या आर्चबिशपासहि या पेढीनें कर्ज दिलें, आणि पापक्षमापत्रांच्या विक्रीचा अर्धा पैसा तें फेडण्याकडे गेला. त्याच विक्रीविरुद्ध इ.स. १५१७ त लूथर उठला. शिवाय भाडेकऱ्यांनीं दात्यासाठीं रोज प्रार्थना करावी, अशी अट आहे. मग हें दान कीं सौदा?

आम्हांस वाटतें कीं, येथें दोन गोष्टी निराळ्या केल्या पाहिजेत. दात्याचा हेतु मिश्र असला म्हणून म्हाताऱ्या विधवेच्या डोक्यावरील छप्पर खोटें होत नाहीं. तसेंच, छप्पर खरें म्हणून दात्याचा हिशेबहि चुकता होत नाहीं. क्षमापत्रासाठीं गांठीची दमडी सोडणाऱ्या शेतकऱ्यास ती कोणीं परत केली? देवाची कृपा पत्रानें विकत मिळत नाहीं, तशी घरें बांधूनहि मिळत नाहीं. ती फुकट मिळते, आणि ज्यास ती मिळाली त्यानेंच फुकट द्यावयास शिकावें.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्यापाशीं पेढी नाहीं. तरी पायलीभर जोंधळे शेजाऱ्यास देतांना दोन प्रश्न आपणांसहि आहेत. हें मीं कोणास नाडून तर मिळविलें नाहीं ना? आणि घेणारा मान वर करून आपल्या दारांतून आंत जाईल काय? या दोहोंचें उत्तर नीट देतां आलें, तर आपल्या थडग्यावर शिळा नसली तरी चालेल.