ऋण, मदत आणि सेवा

वृद्धांची सेवा पैसे देऊन करून घेतली, तर तिला सेवा म्हणावे का? हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या मनात कधी ना कधी येतो. माझे आजोबा अंथरुणाला खिळले तेव्हा घरात ब्युरोमार्फत एक मावशी ठेवल्या होत्या. आजोबांचे अंग पुसणे, कूस बदलणे ही कामे त्या करीत. आपण आपले कर्तव्य विकत घेत आहोत, अशी खंत मला तेव्हा वाटे. अमेरिकेतील माजी सैनिकांच्या एका पेन्शनविषयी वाचताना तोच प्रश्न पुन्हा समोर आला.

युद्धकाळात सैन्यात असलेल्या, आता वृद्ध किंवा पूर्णतः अपंग झालेल्या आणि उत्पन्न कमी असलेल्या व्यक्तीला तेथील केंद्र सरकार पेन्शन देते. युद्धात जखम झालेलीच असावी, अशी अट नाही. आंघोळ, कपडे, जेवण यांसाठी दुसऱ्याचा आधार लागत असेल, तर ‘एड अँड अटेंडन्स’ या नावाने वाढीव रक्कम मिळते. सैनिकाच्या मागे राहिलेल्या, पुनर्विवाह न केलेल्या जोडीदारालाही ती मिळू शकते. घरी ठेवलेल्या मदतनिसाचा पगार वैद्यकीय खर्च म्हणून उत्पन्नातून वजा धरता येतो. त्यामुळे स्वतःच्या घरी राहण्याचा मार्ग मोकळा होतो.

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. हिशेबात देणे वेगळे आणि देणगी वेगळी. ज्याचे आपण देणे लागतो, तो गरीब आहे की श्रीमंत, हे आपण विचारत नाही. पण ही पेन्शन देताना उत्पन्न आणि मालमत्ता तपासली जाते. राहते घर त्यात धरत नाहीत. मात्र २०१८ पासून अर्जाआधीच्या तीन वर्षांत कोणाला काय देऊन टाकले, हेही पाहिले जाते. मग हे ऋण आहे की दान?

विचार केल्यावर वाटते, दोन्ही नाही. हे वचन आहे. सैनिकी सेवेत शरीराची हानी झाली असेल, तर त्यासाठी वेगळी भरपाई आहे आणि तिथे उत्पन्न विचारत नाहीत. ते ऋण. पेन्शनचे वचन असे आहे : कठीण काळी जो उभा राहिला, त्याला म्हातारपणी निराधार सोडणार नाही. गरज हीच या वचनाची मुदत. म्हणून गरज विचारण्यात अपमान नाही. पण कागदपत्रांच्या ओझ्याने थकून एखादी वृद्धा मागायचेच सोडून देते, तेव्हा वचन मोडलेले असते.

वचन किती काळ पाळायचे? अमेरिकेचे यादवी युद्ध १८६५ मध्ये संपले. त्या युद्धातील एका सैनिकाच्या मुलीला २०२० मध्ये तिचे निधन होईपर्यंत दरमहा ७३ डॉलर १३ सेंट मिळत होते. रक्कम लहान होती, पण दीडशे वर्षांनंतरही खाते बंद केले गेले नाही.

आता पहिला प्रश्न. त्या पेन्शनमध्ये, काळजी घेणाऱ्या मुलाला किंवा मुलीला खरोखर दिलेला मोबदलाही खर्चात धरता येतो. पत्नीचे उत्पन्न मात्र पतीच्या उत्पन्नातच मिळवले जाते. तिने रात्ररात्र जागून केलेली सेवा त्या हिशेबात कुठेच उमटत नाही. माझ्या आजीचीही कुठे नोंद नव्हती. मावशी येण्याआधी ती इतकी दमलेली असे की आजोबांवर चिडायची आणि मग एकटी रडायची. मावशी आल्यावर ती त्यांच्या उशाशी निवांत बसू लागली. त्यांचा हात हातात घेऊन जुन्या गोष्टी सांगू लागली. पैशाने प्रेम विकत घेतले नव्हते. प्रेमाला सवड मिळाली होती. आणि मावशींचे हात तरी कोरडे कुठे होते?

म्हणून मदत घेणाऱ्याने संकोच करू नये आणि देणाऱ्याने उपकाराचा भाव ठेवू नये. आपल्याकडे दर नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. शेजारच्या एखाद्या आजोबांना, एखाद्या वीरपत्नीला त्या दिवशी आपण बँकेत सोबत करू शकतो. अर्ज भरून देऊ शकतो. वचन सरकारने दिलेले असते. ते दारापर्यंत पोहोचवण्याचे काम मात्र आपल्यालाही करता येते.