जुनं गाव, नवं गाव

"असं न्हाई."

तालीम चालू असताना दारातून हे दोन शब्द आले. दादाकडे तेव्हा एकूण शब्दच पंधरा-वीस होते. त्यातले दोन त्यानं माझ्यावर खर्च केले.

तीन वर्षांपूर्वी तुळजापूरहून धाराशिवला येताना दादाची मोटारसायकल घसरली. हेल्मेट घरी खुंटीला होतं. मेंदूच्या डाव्या बाजूला मार बसला, त्यानं उजवा हात-पाय लुळा पडला आणि बोलणं गेलं. डॉक्टर याला वाचाघात म्हणतात. समोरच्याचं बरंचसं कळतं, पण आपला शब्द तोंडात येत नाही. आमचं घर गोंधळ्यांचं. दादा संबळ वाजवायचा आणि लोक आमचं घर शोधत यायचे ते त्याच्यासाठी.

मी कॉलेजात नाटक करतो. एकांकिका स्पर्धेसाठी दादावर नाटक बसवायला घेतलं. त्यात संवाद नाहीत, सगळं शरीरानं सांगायचं. शेवट आधीच ठरला होता : लुळा हात हळूहळू उठतो, काठी संबळावर पडते, अंधार. टाळ्या नक्की.

त्या दिवशी मी उजवा पाय फरफटत चालून दाखवत होतो. दादा आत आला आणि मला बाजूला सारून स्वतः चालला. तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. दादा पाय फरफटत नाही. गुडघा वाकत नाही, म्हणून तो कंबर उचलतो, पाय बाहेरून अर्धगोल फिरवतो आणि पुढे टाकतो. दर पावलाला एवढी मेहनत. तीन वर्षं एका घरात राहून मला फक्त त्याचं गेलेलं चालणं दिसत होतं. त्यानं नवीन चालणं तयार केलं होतं, ते दिसलंच नव्हतं.

मग रात्री प्रश्न पडला. हा जो चालतोय, तो कोण?

आमच्या घरात रोज एक वाक्य असतं : "पहिल्यासारखा होशील बघ." आई म्हणते, शेजारी म्हणतात, मीही म्हणतो. प्रेमानंच. पण ऐकणाऱ्याच्या जागी बसून बघा. रोज सकाळी तुम्हाला सांगितलं जातंय की घरातले सगळे दुसऱ्याच कुणाची तरी वाट बघतायत, आणि त्याचं नाव तुमचंच आहे.

1848 मध्ये अमेरिकेत रेल्वेच्या कामावर फिनिअस गेज नावाच्या मुकादमाच्या डोक्यातून लोखंडी कांब आरपार गेली. तो जगला, पण स्वभाव बदलला. मित्र म्हणाले, हा आता गेज राहिला नाही. मेंदूवरच्या पुस्तकांतून ही गोष्ट पुन्हा पुन्हा येते आणि बहुतेकदा तिथंच संपते. पुढचं कमी सांगितलं जातं. तोच माणूस नंतर चिलीला गेला आणि तिथं कितीतरी वर्षं घोडागाडी हाकत होता. सगळे लगाम सांभाळायचे, उतारू सांभाळायचे. 'गेज राहिला नाही' हा निकाल मित्रांचा. त्याला स्वतःला काय वाटत होतं, याची नोंद कुणी ठेवली नाही.

पीटर ब्रूकनं 1993 मध्ये ऑलिव्हर सॅक्सच्या पुस्तकावरून मेंदूच्या रुग्णांवर नाटक केलं. त्यात तेच नट आळीपाळीनं डॉक्टर व्हायचे आणि रुग्ण व्हायचे. मला त्यातली ही जागांची अदलाबदल मोठी वाटते. आज तपासणारा उद्या त्या खुर्चीत असू शकतो, हे वेगळं सांगावं लागत नाही.

आमच्या गोंधळातही एकच माणूस आख्यान लावताना राजा होतो, राणी होतो. पण पहाटे आरती झाली की तो परत घरचा. दादाची पहाट तशी झाली नाही. म्हणून मला दुसरीकडे बघावं लागलं, आजोळकडे.

आईचं माहेर लोहारा तालुक्यात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, भूकंपानं ते गाव मातीत गेलं. पुढं जरा लांब नवं गाव वसलं. सरळ रस्ते, एकसारखी घरं. आजी आजही 'जुनं गाव' आणि 'नवं गाव' असं म्हणते, पण नव्याला खोटं गाव म्हणत नाही. लग्नपत्रिकेवर, आधार कार्डावर नाव तेच. सरकारी कागदात याला शब्द आहे, पुनर्वसन. गंमत म्हणजे दादाच्या फाइलमध्येही हाच शब्द होता. गावाच्या बाबतीत आम्हाला त्याचा अर्थ कळला होता : पडलेला वाडा परत येत नाही, आता जिथं राहायचं तिथं चूल मांडायची. माणसाच्या बाबतीत मात्र आम्ही पुनर्वसन वाचलं आणि पूर्ववत ऐकलं.

हे मी मोठ्या उत्साहानं वहिनीला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थांबली नाही. म्हणाली, "भावजी, तुमाला नवा भाऊ मिळाला. माझा नवरा गेला, अन् त्याचं सुतकबी धरता आलं न्हाई."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ती चूक बोलत नव्हती. संध्याकाळी अंगणात हसत संबळ घुमवणारा माणूस खरंच गेलाय आणि त्याच्यासाठी रडायची सोय आम्ही तिला दिली नाही, कारण तो समोर बसून चहा पितोय. मग आजी आठवली. ती वर्षातून एकदा जुन्या गावाच्या ढिगाऱ्यांवर जाते, आपल्या घराच्या दगडांपाशी बसून रडते आणि संध्याकाळी नव्या घरी येऊन स्वयंपाकाला लागते. नव्या घरावर राग काढत नाही. मला वाटतं एवढंच आपल्या हातात आहे. गेलेल्याचं दुःख करावं, मोकळेपणानं करावं. फक्त त्याची उधारी राहिलेल्याच्या नावावर मांडू नये.

नाटकाचा शेवट मी काढून टाकला. एकदा मी दादाच्या हातात काठी दिली होती, तेव्हा त्यानं ती शांतपणे खाली ठेवली होती. ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. आता शेवटी एक माणूस रंगमंच या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतो. कंबर, अर्धगोल, पाऊल. त्याचं शरीर मी वापरावं का, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. म्हणून निदान विचारतो तरी.

परवा दादापुढं पूर्ण चालून दाखवलं आणि विचारलं, "बरोबर हाय का?"

त्यानं बराच वेळ शब्द शोधला. मी सुचवला नाही.

"हळू," तो म्हणाला.

मी परत पहिल्या टोकाला गेलो.